सुशीलाताईंचं खोकं

सुशीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत एका आजोबांचं पोट तपासत होतो. "दुखतंय का?" मीच विचारलं, आणि त्यांचं उत्तर मला ऐकूच आलं नाही… त्याला आता महिना झाला. ताई आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर, सारंगखेड्याच्या सूनबाई. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हृदयानं तेवढीही वाट पाहिली नाही. फार घाई केलीत हो, ताई!

दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव करायची महागडी यंत्रं मोठ्या शहरांत. इथे ताईंनी बिस्किटांचं खोकं घेतलं, दोन भोकं पाडली, आत मोबाइल आणि छोटा दिवा ठेवला, चित्र जुन्या टीव्हीवर. लांब चिमट्यांनी आतल्या रबरी हातमोज्याच्या बोटाला टाके घालायचे. तेवढंच असतं तर काय हवं होतं! टाके घालता घालता आम्ही शिकाऊ डॉक्टरांनी वांग्याचं भरीत कसं करतात तेही सांगायचं, पार वांगी भाजण्यापासून. जीभ अडखळली की ताई थांबवायच्या. "भाऊ, हात चालू शे, पन डोकं भरी गयं तुन्हं." त्यांचं म्हणणं एवढंच की बोलता माणूस गप्प झाला म्हणजे त्याच्या डोक्यात जागा उरली नाही, आणि तेव्हा हात पुढे नेला की घात होतो.

मी पहिल्यापासून आगाऊ. खोलीवर बसून अख्खं भरीत पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी खोक्यासमोर घडाघडा बोलत सुटलो. ताई अडवेनात, मी खूश! शेवटी त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. मोजा आरपार फाटला होता. "माले फसाडीसन तुले काय भेटनं?" त्या म्हणाल्या. "सकाय आठे कोनी तरी माय ऱ्हाई!" उद्या या मोज्याच्या जागी कुणाची तरी आई असेल, हे ऐकून माझे कान तापले.

ती आई पुढे खरंच आली, धडगावहून. पित्ताशय काढायचं होतं. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं, आणि सवयीनं बोलता बोलता मी कधी गप्प झालो ते मलाच कळलं नाही. "भाऊ, चूप काबरं?" ताईंनी विचारलं. मी थांबलो, नीट पाहिलं. कधीच कापायची नाही ती मुख्य पित्तनलिका माझ्या चिमट्यात होती. दुर्बीण बाजूला ठेवली, पोट उघडून काम केलं. आठवड्यानं ती बाई आपल्या पायांनी जीपपर्यंत चालत गेली. ताईंनी शाबासकी वगैरे दिली नाही, चहा मात्र पाजला.

गेल्या आठवड्यात तसंच अवघड ऑपरेशन निघालं. मी गप्प झालो. कुणी काही विचारेना… किती वेळ गेला, देव जाणे. शेवटी मीच हात थांबवला आणि म्हणालो, "थांबा, माझं डोकं भरलंय." नव्या सिस्टर घाबरल्या, त्यांनी माझ्यामागे स्टूल सरकवलं. मास्कच्या आत मी रडत होतो, हे त्यांना कसं सांगू?

पेशंट बरा आहे. आता सगळ्यांना बजावून ठेवलंय की मी गप्प झालो की मला विचारायचं, लाजायचं नाही. सगळे "हो सर" म्हणतात. पण साहेबांना टोकायची हिंमत अजून कुणाची होत नाही, आणि मी रोज वाट बघतो.