तानूबाईची पेटी रिकामी जात नाही

तानूबाईच्या घरातून रिकामं भांडं बाहेर पडलेलं मारतहळ्ळीच्या त्या गल्लीत आजवर कोणी पाहिलेलं नाही. शेजारच्या शिवलीलाने वाटीभर सांबार पाठवलं, तर वाटी परत जाताना तिच्यात शेंगाचटणी असते, नाहीतर निदान गुळाचा खडा. नळ दुरुस्त करणारा एकदा आपली बादली विसरून गेला, तर दुसऱ्या दिवशी ती त्याला शेवग्याच्या शेंगांसकट मिळाली. बिचारा शेंगांचे पैसे किती म्हणून विचारत बसला. निपाणीकडे तानूबाईच्या माहेरी हा रिवाज सगळेच पाळतात, पण तानूबाई तो हट्टाने पाळते, आणि खरं सांगायचं तर त्यात प्रेम जेवढं आहे तेवढाच ठसकाही आहे. कोणीतरी आपल्यावर उपकार करून मोकळं झालं, ही कल्पनाच तिला सोसत नाही.

असल्या बाईची गरीब म्हणून निवड करणाऱ्यांना आपण काय करून बसलोय याचा पत्ता नव्हता.

तानूबाईचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची पातळ भाकरी भाजून पापडासारखी वाळवायची, म्हणजे महिनाभर टिकते. कोल्हापूर, सोलापूर, विजापूरकडची जी पोरं इथे कॉम्प्युटरसमोर बसायला येतात, ती या भाकरीवर जीव टाकतात. नवरा आप्पाजी रिंग रोडवरच्या एका टेक पार्कच्या फाटकावर गार्ड आहे, आणि जोडीला भाकऱ्या थापायला गल्लीतलीच कौशल्या येते. कौशल्याचं घर त्या भाकऱ्यांवरच चालतं. सगळं ठीक होतं, फक्त ऊन नव्हतं. पूर्वी गल्लीत ऊन यायचं. मग दोन्ही बाजूंनी उंच पीजी होस्टेलं उठली आणि ऊन वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलं. खाली भाकऱ्या वाळेनात, त्यांना बुरशी धरू लागली.

अशा वेळी उत्तरेकडच्या एका थंड देशाला तानूबाईची दया आली. त्या देशाला स्वतःला वर्षातले सहा महिने ऊन दिसत नाही, पण उन्हावर चालणाऱ्या वस्तू वाटण्याची त्याला फार हौस. कोरमंगलातल्या एका संस्थेमार्फत त्याने एक योजना आणली. योजनेचं नाव इतकं लांब होतं की ते फलकावर दोन ओळींत लिहावं लागे. त्यात शाश्वत, समावेशक, भागीदारी आणि सक्षम हे चार शब्द होते, आणि त्यांचा क्रम दर बैठकीत बदलायचा. गल्लीने आपलं सोपं केलं. गल्ली त्यांना पेटीवाले म्हणू लागली.

कारण त्यांनी एक पेटी दिली. फ्रिजएवढी उंच, आत जाळीचे ट्रे, आणि छतावर पॅनेल. वरचं ऊन पॅनेल गिळायचं आणि खाली पेटीत गरम हवा फुंकायचं. भाकऱ्या खणखणीत वाळू लागल्या. पेटी उत्तम होती, हे कबूल केलं पाहिजे. तिच्या दारावर दोन हात एकमेकांत गुंफलेले असं चित्र होतं, एक गोरा, एक सावळा. गोरा हात वर होता.

पेटी देताना संस्थेचे मोठे साहेब सुधींद्रराव स्वतः आले होते. बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातले, त्यामुळे त्यांचं मराठी कन्नडमध्ये चांगलं मुरलेलं. ते म्हणाले, "अक्का, हे दान नव्हे. दान म्हणजे हळे काल, जुन्या काळची गोष्ट. तो देश आणि तुम्ही सरीसमान. पार्टनर!"

"पार्टनर म्हंजे?" तानूबाईने शलाकाला विचारलं. शलाका ही संस्थेतली पुण्याची मुलगी, योजनेचं गल्लीतलं सगळं काम तीच बघायची.

"म्हणजे मावशी, बेसिकली, बरोबरीचे. भागीदार."

"असं होय," तानूबाई म्हणाली. ही गोष्ट तिने मनापासून खरी मानली. एवढ्या मोठ्या योजनेत तो शब्द खरा मानणारी ती एकटीच होती.

मग पाहुणे येऊ लागले. पाहुणे येणार म्हटलं की फोटोवाला आधी सांगून जाई की अक्का, जरीची साडी नको, त्यात गरिबी नीट दिसत नाही. म्हणून तानूबाईने एक विटकी साडी फोटोची साडी म्हणून वेगळी काढून ठेवली. पाहुणे पेटीचं दार उघडत, बंद करत, कौशल्याला हसायला सांगत. तानूबाई प्रत्येकाला ताटलीत भाकरी आणि चटणी देई. पाहुणे भाकरी हातात धरून फोटो काढून घेत आणि तशीच ताटलीत परत ठेवत, कारण बाहेरचं काही खायचं नाही असं त्यांना विमानात बसण्याआधीच बजावलेलं असे. पाहुणे गेले की तानूबाई ताटल्या इतक्या जोरात घासायची की आप्पाजी उठून बाहेर जाऊन बसायचा.

शलाका मात्र खायची. पीजीतल्या जेवणाला कंटाळलेली पोर, तानूबाई तिला डबाही भरून द्यायची. डबा चार दिवसांनी परत यायचा, लख्ख घासलेला आणि रिकामा. तानूबाई झाकण उघडून आत बघायची, परत लावायची.

"शिकलेली हाय, गुणी बी हाय," ती आप्पाजीला सांगायची, "पण डबा बघ की."

दोन वर्षांनी योजनेचा पहिला टप्पा संपला. दुसऱ्या टप्प्यात पेटी तानूबाईच्या नावावर कायमची होणार होती. पण त्यात एक गोम होती. पहिल्या टप्प्याची पेटी आधी कोरमंगलाला परत जमा व्हायला हवी, आणि मग तीच पेटी दुसऱ्या टप्प्यातून समारंभाने तिला मिळणार. छतावरचं पॅनेल तेवढं जागच्या जागी राहिलं, कारण ते उतरवणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

"मावशी, पेटी क्लीन आणि एम्प्टी हवी हं," शलाका सांगून गेली. क्लीन तानूबाईने ऐकलं. एम्प्टी ऐकलंच नाही. बरोबरीच्या माणसाचं भांडं रिकामं पाठवायचं, आणि तेही सातासमुद्रापारच्या? तिने आणि कौशल्याने दोन दिवस राबून पेटीचा प्रत्येक ट्रे कडक भाकऱ्यांनी भरला आणि खाली चटणीच्या पुड्या रचल्या. पेटी टेम्पोत चढवणारे म्हणाले, हिचं वजन वाढलंय. तानूबाई म्हणाली, "वाढणारच. दोन वर्षं माझ्या घरात हाय."

समारंभात पेटी मंचावर उभी केली होती. त्या थंड देशाच्या इंग्रिडबाई खास विमानाने आल्या होत्या. त्यांनी टाळ्यांच्या गजरात पेटीचं दार उघडलं, आणि ज्वारीचा खमंग वास पहिल्या रांगेपर्यंत पोचला. इंग्रिडबाईंनी एक भाकरी उचलली. सगळ्यांनी मोबाइल सरसावले. पण या बाईने भाकरी परत ठेवली नाही, मोडून चटणीशी खाल्ली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली, मग ते पाणी कशाचं का असेना. या एका गोष्टीसाठी तानूबाईने त्या देशाला बाकी सगळं माफ केलं. पर्यावरणाला जपायचं म्हणून पाहुण्यांच्या जेवणात वाटीभर कच्च्या पाल्यापलीकडे काही नव्हतं, त्यामुळे दुपारपर्यंत संस्थेच्या लोकांनी पेटी पार चाटूनपुसून रिकामी केली.

पेटी मात्र त्या दिवशी मिळाली नाही. थोडी नोंद बाकी आहे, म्हणाले.

झालं होतं असं की इंग्रिडबाई प्रामाणिक निघाल्या. जागतिक कामात यासारखी अडचण नाही. आपल्याला भाकऱ्या मिळाल्या हे त्यांनी वरच्या ऑफिसला कळवलं. वरच्या ऑफिसात खळबळ उडाली. गरिबाकडून वस्तू घेतली, म्हणजे ही लाच म्हणायची का? लाच म्हटली तर चौकशी आली. म्हणून बऱ्याच बैठकांनंतर तिला योगदान म्हणायचं ठरलं. पण योगदान देणारा तो दाता, आणि दाता गरीब कसा असेल? तिकडच्या कॉम्प्युटरने तानूबाईचं नाव गरिबांतून काढलं आणि मदत करणाऱ्या देशांच्या खाली, शेवटच्या ओळीत नेऊन बसवलं.

ही बातमी घेऊन सुधींद्रराव आणि शलाका गल्लीत आले. "अक्का, स्वल्प प्रॉब्लेम झालंय," सुधींद्रराव म्हणाले. "तुम्ही आता गरीब नाहीत."

तानूबाई आधी खूश झाली. शिवलीलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने विचारलं, "कधीपास्नं?"

"मागच्या सोमवारपासून."

"मग पेटी?"

"पेटी गरिबांसाठी आहे, अक्का."

तानूबाईचा चेहरा उतरला. श्रावण चालू होता, हवेत ओल होती. तीन आठवडे पेटी नाही, आधीच्या भाकऱ्या संपलेल्या, नव्या दोरीवर टाकल्या तर हिरव्या पडत होत्या. होस्टेलांजवळच्या दुकानदारांनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. कौशल्या रोज सकाळी सवयीने यायची, पाटावर बसायची, आणि काही काम नाही म्हणून दुपारी उठून जायची. तिचं ते उठून जाणं तानूबाईला बघवत नव्हतं. भाकऱ्या भरून पाठवायची हौस कोणाची होती? तिचीच.

"उपाय आहे," सुधींद्रराव घाईने म्हणाले. "तुम्ही दिलेलं परत घ्यायचं. तुम्ही परत घेतलं की नोंद रद्द, तुम्ही पुन्हा गरीब, पेटी तुमची. एक फोटो काढायचा, सरी?"

कोपऱ्यातून आप्पाजी म्हणाला, "घे की. काय जातंय?"

तानूबाई म्हणाली, "साहेब, तुमी मला गरीब म्हणला, मी विटकी साडी नेसून हुबी ऱ्हायले. दोन वर्षं घेत आले, घेताना लाज वाटली न्हाई. पण दिलेलं परत घेण्याइतकी गरीब मी कवाच नव्हते."

सुधींद्रराव जमिनीकडे बघू लागले. शलाका तर रडायलाच आली होती. आणि मग तानूबाईच्या डोक्यात काहीतरी आलं, कारण तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"पर परत देणार काय तुमी? भाकऱ्या तर खाल्ल्या न्हवं?"

शलाकाने सुधींद्ररावांकडे पाहिलं.

"म्हणजे, दुसऱ्या आणून द्यायच्या," सुधींद्रराव म्हणाले. "तशाच. नोंदीत 'हाताने थापलेली कडक भाकरी' असं लिहिलंय, त्यामुळे मशीनची चालणार नाही."

"तसली इथं कोण करतंय?"

कोण करतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवटी सुधींद्ररावांनी घसा खाकरून तानूबाईच्या भाकऱ्या तानूबाईला परत देण्यासाठी तानूबाईकडेच ऑर्डर नोंदवली.

"करते की," तानूबाई म्हणाली. "पर वाळवू कशात?"

दुसऱ्या दिवशी पेटी आली. तात्पुरती, फक्त या कामापुरती, असं शलाकाने तीनदा सांगितलं. पॅनेल छतावर होतंच. कौशल्याने पाट पुढे ओढला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत भाजल्या ज्वारीचा वास भरून राहिला.

भाकऱ्या तयार झाल्या तशी फोटोसाठी संस्थेची गाडी आली, सुधींद्रराव, शलाका, फोटोवाला आणि आणखी दोघं. तानूबाईने त्यांना अगदी जेवायच्या वेळेला बोलावलं होतं. फोटोची साडी नव्हती, जरीची होती. तिने आधी पानं मांडली. झुणका होता, भरली वांगी होती, ठेचा होता, आणि सोबत कडक भाकरी होती. "आधी जेवा, मग काय ते परत द्या," ती म्हणाली. दारात आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, यावर सुधींद्ररावांकडे नियम नव्हता. वांगी चांगली झाली होती, पाहुणे भुकेले होते, आणि तानूबाई वाढताना हात आखडत नाही. उरलेल्या भाकऱ्या तिने प्रत्येकाला घरी न्यायला बांधून दिल्या. हात धुऊन सुधींद्रराव पेटीकडे गेले, तर आत परत देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"अय्यो," ते म्हणाले, आणि पोटावर हात ठेवून हसत सुटले. "आता पुन्हा ऑर्डर द्यावी लागेल."

"द्या की. पुढच्या महिन्यात या. याच वेळेला."

ते गेल्यावर आप्पाजीने विचारलं, "मुद्दाम केलीस व्हय?"

"जेवायच्या वेळेला आलेली माणसं," तानूबाई म्हणाली आणि ताटल्या घासायला बसली. आज ती त्या हलक्या हाताने घासत होती.

तेव्हापासून पेटी तात्पुरती तानूबाईकडेच आहे. त्या थंड देशाच्या दप्तरी तो देश तानूबाईचं भाकऱ्यांचं देणं लागतो, आणि हे देणं फेडायला सुधींद्रराव दर महिन्याला न चुकता येतात, जेवतात आणि न फेडताच परत जातात. कौशल्या आता सकाळी येते ती दिवेलागणीला घरी जाते.

त्या पहिल्या जेवणानंतर चार दिवसांनी शलाका नेहमीसारखी डबा परत द्यायला आली. दारातच देऊन, बस गाठायचीये म्हणून पळाली. तानूबाईने सवयीने डबा घेतला आणि थबकली. डबा जड होता. झाकण काढलं, तर आत अय्यंगार बेकरीतलं दिलपसंद, खोबऱ्याचं सारण बाहेर येईल इतकं डब्यात दाबून बसवलेलं. तानूबाई ते बघत उंबऱ्यातच बसली. आप्पाजीने काय झालं विचारलं, तर तिने फक्त डबा त्याच्यापुढे धरला.

मग तिने पदराने डोळे पुसले, आणि आता हा डबा परत पाठवताना काय भरायचं याच्या विचाराला लागली.