लिहायचं राहिलेलं ‘अस्सल’

दादा गेला त्याच्या आधीच्या रविवारी मी पनवेलला त्याच्याकडेच होते. ही गोष्ट मला अजून पचत नाही. चांगले चार तास त्याच्यासमोर बसले, त्याला पिठलंभात करून घातला, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत भरून दिल्या, मळलेल्या पडद्यांवरून त्याला चार शब्द सुनावलेही... आणि त्याने मागितलेली एकच गोष्ट तेवढी केली नाही. मी निघताना त्याने एक लहानसं चौकोनी कागदी पाकीट आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. “शकू, यावर ‘अस्सल’ एवढं लिही. माझा हात चालत नाही गं.” पेणची एस्टी सुटायला वीस मिनिटं होती. “अरे दादा, पुढच्या खेपेला लिहिते ना! पळून जातंय का ते?” असं म्हणून मी पिशवी उचलली. बुधवारी दुपारी त्याच्या शेजाऱ्यांचा फोन आला. जेवून जरा आडवा झाला होता, तो उठलाच नाही.

आमचा दादा घड्याळजी. टपाल नाक्याजवळ त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडाच. एका डोळ्याला काळं भिंग लावून तो दिवसभर मान खाली घालून बसायचा. ते भिंग हाताने धरावं लागत नसे, भुवईखाली आपोआप बसायचं. बंड्या आमच्यातलं शेंडेफळ, दादापेक्षा चौदा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे बंड्याला दादानेच वाढवलं, दादानेच शिकवलं. बंड्या मालवाहू जहाजावर फिटर म्हणून लागला तेव्हा गोदीच्या फाटकाशी चारचौघांदेखत रडला तोही दादाच. स्वतः लग्न करायचं मात्र या सगळ्यात राहून गेलं.

बंड्या प्रत्येक सुट्टीत रेकॉर्डी आणायचा. फुलक्याएवढ्या, एका बाजूला एकच गाणं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांची वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गाणी, ‘सोल’ म्हणतात त्या संगीताला. इंग्लंडच्या बंदरांत जुन्या सामानाच्या दुकानांतून तो ती हुडकून आणी. त्या रेकॉर्डींचं मधलं भोक एवढं मोठं की आमच्या प्लेअरवर त्या डुगडुगत. दादाने शिंप्याकडून दोऱ्याचं लाकडी रीळ आणलं, कापून, घासून त्या भोकात फिट्ट बसवलं. आई म्हणायची, “काय रे, हा बाबा इतका कळवळून का ओरडतोय? दार उघडत नाहीये का कुणी त्याला?” दादाचं इंग्रजी जेमतेम, पण तो मान हलवत ऐकायचा. “शब्द नाही कळले तरी माणूस खरं बोलतोय एवढं कळतं,” असं त्याचं म्हणणं.

यातल्या दुर्मीळ रेकॉर्डींच्या तिकडे चोरून नकला काढतात, हे त्याला बंड्यानेच सांगितलं. झालं! दादाच्या अंगातच आलं. गाणं संपतं तिथून मधल्या गोल चिठ्ठीपर्यंत एक गुळगुळीत कोरी पट्टी असते, तिथे बारीक आकडे असतात. दादा भिंग लावून ते वाचायला लागला. कारखान्यात शिक्क्याने ठोकलेले आकडे सरळ ओळीत, सारख्या खोलीचे. नकला काढणाऱ्याकडे शिक्का कुठला, तो आपला सुईने खरवडून मोकळा होतो. चिठ्ठीचंही तसंच. खऱ्या चिठ्ठीचा फोटो काढून पुन्हा छापली की बारीक अक्षरं सुजतात, इंग्रजी ‘ओ’चं पोट भरून जातं. हे सगळं तो मला इतकं रंगून सांगायचा की चूल, शाळेच्या वह्या, सगळं बाजूला ठेवून मी ऐकत बसायची. तपासणी झाली की पाकिटावर हिरव्या शाईने निकाल, अस्सल किंवा नकली. अक्षर असं की पाटीवर गिरवायला द्यावं.

त्याच सुमारास सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं आली. बिघडली की फेकून द्यायची. दादाच्या टेबलावर दिवसाकाठी एखादं घड्याळ यायला लागलं, तेही पट्टा बदलायला. दुकान झाडून, उदबत्ती लावून तो नुसता बसलेला असे आणि मला बघवत नसे. या रेकॉर्डींपाशी तेवढा तो पुन्हा उस्ताद व्हायचा.

एकदा, एकोणनव्वद-नव्वदचं साल असेल, बंड्या घरात शिरला तोच ओरडत. “दादा, सापडली! तीन वर्षं शोधत होतो!” बूटही न काढता त्याने ती रेकॉर्ड दादाच्या हातात दिली. दादाने भिंग लावलं, रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली. “आकडे हाताने खरवडलेत. नकली.” बंड्याचा चेहरा पडला. “नीट बघ ना रे.” “मी बघतोय म्हणजे नीटच बघतोय,” दादा म्हणाला आणि हिरवं पेन काढलं. त्याच्या पुढच्या सुट्टीत आम्ही बंड्याची काय थट्टा केली! “काय रे, यंदा कुणी टोपी घातली?” हे विचारणारी मीच. दादा तर आल्यागेल्याला मुद्दाम ती रेकॉर्ड काढून दाखवायचा, नकली कशी असते त्याचा नमुना म्हणून. बंड्या हसत हसत म्हणाला, “दादाचा डोळा आहे बाबा. तो म्हणतो तर नकलीच.” आणि आणखी एक मोदक उचलला. ती त्याची शेवटची सुट्टी.

जहाजावर इंजिनाच्या खोलीत वाफेचा पाइप फुटला. त्याबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही... दीड-दोन महिन्यांनी त्याच्या जहाजावरचा गव्हाणचा हिरामण त्याची ट्रंक घेऊन आला. कपडे, दाढीचं सामान आणि पैशांच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद. कागद इंग्रजीत होता, तो मी वाचून दाखवला. बंड्याने ज्याच्याकडून ती रेकॉर्ड घेतली त्या म्हाताऱ्या दुकानदाराने लिहून दिलं होतं. ही कंपनी अगदी लहान, तिच्याकडे शिक्के नव्हतेच, तिच्या प्रत्येक रेकॉर्डीवरचा आकडा तिथल्या माणसाने हातानेच कोरलेला आहे. शिक्क्याने ठोकलेला आकडा दिसला तर ती नकली समजावी.

दादाने तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग म्हणाला, “तारीख वाच.” वाचली. “म्हणजे त्याच्या शेवटच्या सुट्टीच्या आधीची?” मी मान हलवली. हिरामण दाराशी चुळबुळत उभा होता. म्हणाला, “दादा, आमी त्याला बोललो, घरी दाव ना कागद. तर बोलला, नाय रे. दादाचं दुकान चालत नाय. तेवढा एकच मान हाय त्याला, तो मी कशाला मोडू.”

मला रडू नाही आलं, राग आला. बंड्याचाच! अरे मेल्या, सांगायचंस ना! दोन दिवस दादा रुसला असता, मग आपण तिघंही हसलो असतो. कागद खिशात ठेवून मोदक खात बसलास... आता कुणाशी भांडू? भांडायला तरी माणूस समोर लागतो.  दादाने दाढीचं ब्लेड घेतलं आणि त्या रेकॉर्डीच्या पाकिटावरचा ‘नकली’ शब्द हळूहळू खरडून काढला, कागद फाटू न देता. घड्याळजीचा हात तो. मोकळी झालेली जागा मात्र तशीच राहिली. मी किती वेळा म्हटलं, अरे, लिहून टाक ना अस्सल. तर म्हणे, “मी लिहिलं की तो पुन्हा माझाच निकाल झाला. माझ्या निकालाची किंमत बघितलीस ना?” त्यानंतर त्याने एकही रेकॉर्ड तपासली नाही. ऐकायचा, पण भिंग खणात. पुढे त्याला कंपवात झाला. ज्या हाताने केसाएवढी स्प्रिंग बसवायचा, त्या हातातून चहाची बशी सांडायला लागली. डॉक्टर, काढे, मालीश, सगळं केलं. हात काही थांबला नाही, आणि आम्ही नुसतं बघत राहिलो.

त्या रविवारी मी चपला घालत असताना तो आणखी एक वाक्य बोलला होता. वर लिहायचं मी टाळलं. म्हणाला, “तू लिही शकू. तूही हसली होतीस.” मला ते झोंबलं, म्हणूनच मी तशी तरातरा निघाले. एस्टीचं निमित्त झालं. पुढची गाडी अर्ध्या तासाने होती.

दिवस झाल्यावर त्याची खोली आवरायला गेले. प्लेअरवर दोऱ्याचं रीळ तसंच बसवलेलं होतं. ते पाकीट आणि पेन टेबलावरच होतं, मी टाकून गेले त्याच जागी. खणातून भिंग काढून मी डोळ्याला लावायला बघितलं, माझ्या डोळ्याला ते बसेना. पाकिटातली रेकॉर्ड काढली आणि भिंग हाताने धरूनच ते आकडे वाचले. कुणीतरी घाईघाईत कोरलेले, शेवटचा आकडा जरा घसरलेला. मग खुर्चीवर नीट बसले. आयुष्यभर फळ्यावर लिहिलेली बाई मी, तरी तो एक शब्द आधी टेबलावर बोटाने गिरवून बघितला. हिरव्या शाईने, जमेल तितक्या वळणदार अक्षरात लिहिलं. अस्सल.

पण ब्लेडने खरडून तो कागद पार विरला होता. शाई पसरली. माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं सुजत गेली, ‘ल’चं पोट भरून गेलं. मी टिपकागद शोधेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. दादाच्या हातात ते पाकीट दिलं असतं, तर त्याने भिंगही लावलं नसतं. लांबूनच बघून म्हणाला असता, नकली.