पडले नाहीत, बसले

तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं. वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर तिला सगळे ‘सावकाश’ म्हणत, कारण सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत तिच्या तोंडी तेवढा एकच शब्द असे. वॉकर घेऊन निघालेल्याला सावकाश, खुर्चीतून उठणाऱ्याला सावकाश. एकदा चहाबरोबर बिस्किट उचलणाऱ्या एका आजोबांनाही तिने सवयीने सावकाश म्हटलं. त्यांनी बिस्किट परत बशीत ठेवलं आणि पुन्हा, बेताने उचललं.

तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर चोवीस म्हाताऱ्या माणसांना उभं ठेवणं. सकाळी आल्या आल्या ती सगळ्यांच्या चपलांचे तळवे उलटे करून बघे. काठीखालचं रबरी बूच झिजलं असेल तर बदलून घेई. चष्मे पुसून हात पोचेल तिथे ठेवी, कारण माणूस चष्म्यासाठी वाकतो आणि तसाच जमिनीपर्यंत जातो. उठल्याबरोबर कोणी उभं राहायचं नाही, पलंगाच्या काठावर बसून शंभर आकडे मोजायचे आणि मगच पाय टेकायचे, असा तिचा नियम होता. मोठ्या बाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, दहा, वीस, तीस करत शंभरावर पोचायच्या. पकडल्या गेल्या की उत्तर बरोबर आलंय ना, असं विचारायच्या.

एवढी काळजी तिला उगाच लागलेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि सात महिने अंथरुणाला खिळून त्या गेल्या. लादी तिनेच पुसली होती आणि ओली ठेवून कपडे वाळत घालायला गेली होती. सासूबाईंनी मुलाला सांगितलं की मी पडले नाही, बसायला गेले आणि पाय मुडपला. सुनेनेही मान डोलावली. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला की ‘आई बसल्या’ असंच म्हणायची पद्धत पडली. तिच्या मनात मात्र ती ओली लादी अकरा वर्षं वाळली नव्हती.

मग आश्रमात नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला फळ्याची हौस होती. त्याने स्वागतकक्षात एक फळा लावला. त्यावर ‘कोणीही न पडता गेलेले दिवस’ असं लिहिलेलं होतं आणि पुढे आकडा. भेटायला येणारे नातेवाईक आधी आकडा बघत आणि मग आईला. शिवाय एक नियम आला. तीन वेळा पडण्याची नोंद झाली की त्या माणसाला खालच्या मजल्यावर हलवायचं. खालच्या मजल्यावर पलंगांना कठडे होते आणि खुर्च्यांना पुढून अडकवायचं टेबल होतं. तिथे कोणी पडत नसे, कारण तिथे कोणी चालत नसे. तिथून वर परत आलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नव्हता.

नियम लागला त्या आठवड्यापासून दुसऱ्या मजल्यावर पडणं बंद झालं. लोक बसू लागले. ‘जरा बसले’, ‘मध्येच बसावंसं वाटलं’, ‘बसलो होतो, तेवढ्यात तू आलीस’. एक आजोबा संडासाच्या दारात आडवे सापडले, तेही बसलेलेच होते. डॉक्टरांनी कोपरावरचा काळानिळा डाग बघून विचारलं तर बसताना लागलं. सावकाशला सगळं कळत होतं. पण हा शब्द तिच्या घरचाच होता, त्याला खोटं कुठल्या तोंडाने म्हणणार? ती उचलून उभं करी, हाडं चाचपून बघी, डॉक्टरांना दाखवी आणि नोंदवहीत काही लिहीत नसे. फक्त स्वतःच्या एका छोट्या वहीत टिपून ठेवी. कोण बसलं, कुठे, किती वाजता, पायात काय होतं, अंगात काय होतं. वही कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. फळ्यावरचा आकडा शहाण्णववर गेला तेव्हा वहीत सतरा बैठका झाल्या होत्या.

त्यांतल्या चार टेलरमास्तरांच्या होत्या. मास्तर ब्याऐंशी वर्षांचे, बावन्न वर्षं दुकान चालवलेले. खोलीच्या खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन होतं आणि गळ्यात टेप. रोज सकाळी ते पॅन्ट-शर्ट घालून टोकाच्या खिडकीपर्यंत चालत जात, रस्त्यावरून जाणाऱ्यांचे कपडे बघत आणि कोणाची बाही चुकलीय ते सांगत परत येत. मजल्यावरच्या सगळ्यांच्या कपड्यांची डागडुजी तेच करत. माणूस म्हातारपणी उतरतो, त्याचे कपडे उतरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी निम्म्या मजल्याची मापं नव्याने घेऊन पायजमे आणि परकर वर उचलून दिले होते. चालणं बंद झालं तर मास्तर महिनाभरही तगणार नाहीत, हे सावकाशला स्पष्ट दिसत होतं. मास्तर तिला आवडायचे. तिच्या ब्लाउजची बाही न विचारता उसवून नीट करून देणारा तो एकच माणूस होता.

सत्त्याण्णवाव्या दिवशी मोठ्या बाई बाथरूमच्या दाराशी बसल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टरचा हात गळ्यात घेऊनही त्या ‘बसले’ म्हणत होत्या, पण हाडाचा फोटो काही ऐकेना. फळ्यावर शून्य आलं. मॅनेजर गोंधळले. शहाण्णव दिवस काहीच नाही आणि एकदम हे कसं? कारण सापडेना, तेव्हा त्यांनी सोमवारपासून कोणीही मदतनिसाशिवाय खोलीबाहेर चालायचं नाही, असं ठरवून टाकलं. चोवीस माणसांना मदतनीस दोन. म्हणजे सगळा मजलाच खालचा मजला होणार होता.

सावकाशने वही उघडली. सतरापैकी सात बैठका बाथरूमच्या दाराशी होत्या, आणि मोठ्या बाईंची आठवी. तिथे एक गडद तपकिरी पायपुसणं होतं. ती तिथे उभी राहून बघू लागली. अधू नजरेच्या माणसाला पांढऱ्या लादीवर ते पायपुसणं नव्हतंच, खड्डा होता. जो तो खड्डा ओलांडायला लांब टांग टाकत होता. कारण हातात होतं. पण वही दाखवायची तर पूर्ण दाखवायला हवी, आणि पूर्ण वहीत मास्तर चार वेळा होते. त्यांच्या नोंदी इतरांच्या नोंदींत मधेमधे अडकलेल्या, पान फाडायचीही सोय नव्हती.

ती वही घेऊन मास्तरांकडेच गेली. त्यांनी चष्मा वर करून आपल्या चारही नोंदी वाचल्या आणि सांगितलं की अक्षर बरं आहे, पण मी पडलेलो नाही. सावकाशने त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. चारही वेळा जागा वेगळी होती, वेळ वेगळी होती, पायात चपला चांगल्या होत्या. एकच गोष्ट सारखी होती. अंगात नवी राखाडी पॅन्ट होती, मास्तरांनी यंदा स्वतः शिवलेली. नाडीच्या पायजम्यात ते एकदाही बसले नव्हते.

मास्तरांना हे झोंबलं. पॅन्ट माझ्या मापाची आहे, म्हणाले. उंची चाळीस, चाळीस वर्षांपासून चाळीस. ती म्हणाली, माप कधी घेतलं? मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना त्यांची जन्मतारीख तपासायला सांगितली होती. स्वतःचं माप कोणता शिंपी घेतो? ते पाठ असतं.

सावकाश खाली जाऊन आश्रमाच्या सुताराकडून पोलादी टेप घेऊन आली. पॅन्ट पलंगावर पसरली. एक्केचाळीस इंच भरली. मास्तर म्हणाले, सुताराच्या टेपला कापडातलं काय कळतं. मग तिने दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावल्या. मास्तरांच्या गळ्यातली कापडी टेप बावन्न वर्षं ओढून ओढून सैल झाली होती. तिच्यावरचे चाळीस म्हणजे खरे एक्केचाळीस होते. मग तिने मास्तरांना भिंतीशी उभं केलं आणि कमरेपासून घोट्यापर्यंत पोलादी टेप लावली. एकोणचाळीस.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुम्ही आखूड झालात आणि टेप लांब झाली.”

मास्तर बराच वेळ पलंगाच्या काठावर बसून राहिले. शंभराहून जास्त आकडे झाले असतील. शेवटी त्यांनी विचारलं की म्हणजे इतकी वर्षं मी लोकांचे कपडे चुकीचे शिवले का. त्यांचा आवाज ऐकून तिला वाईट वाटलं. तिने सांगितलं की नाही, लोकांचं माप तुम्ही त्यांच्या अंगावर याच टेपने घेतलंत आणि याच टेपने कापलंत, ते बरोबरच आलं. मापाशिवाय कापलेलं गिऱ्हाईक तुम्ही एकटेच. हे मास्तरांना पटलं. त्यांनी कात्री घेतली, पॅन्टची टीप उसवली आणि दोन इंच वर घेऊन पुन्हा मारली. मग ती अंगात घातली, वही उचलली आणि म्हणाले, चल.

मॅनेजरांनी वही वाचली. पायपुसण्याचं त्यांना लगेच पटलं आणि एवढं साधं आपल्या लक्षात आलं नाही म्हणून ते ओशाळले. पण मास्तरांच्या चार नोंदींवर येऊन ते थांबले. त्यांनाही फळ्यावर मोठा आकडा हवाच होता, म्हणून त्यांनी वाट मोकळी करून दिली. इथे ‘बसले’ लिहिलंय, म्हणाले, बसण्यावर नियम नाही. मास्तर नुसते हो म्हणाले असते तरी सुटले असते. मग बाकीच्यांचंही बसणंच ठरलं असतं, पायपुसण्याला दोष देता आला नसता आणि सोमवारचा हुकूम राहिला असता.

“पडलो,” मास्तर म्हणाले. “चारही वेळा. पॅन्ट माझीच होती.”

“सगळेच पडले,” सावकाश म्हणाली. “बसले हे मी लिहिलंय.”

मॅनेजरांनी वही मिटली. मास्तर तेवढ्यात त्यांच्या पायांकडे बघत होते. तुमच्या पॅन्टची डावी बाजू अर्धा इंच लांब आहे, म्हणाले, उद्या घेऊन या. मॅनेजरांनी खाली पाहिलं आणि सोमवारचा हुकूम मागे घेतला. मास्तरांना एक महिना दिला. महिन्यात एकदा जरी पडले तरी खालचा मजला, त्यात बदल नाही.

त्या संध्याकाळी जेवताना सावकाशने नवऱ्याला सांगितलं की आई बसल्या नव्हत्या, पडल्या होत्या, आणि लादी मी ओली ठेवली होती. नवरा घास हातात धरून म्हणाला, “माहीत आहे. आईनेच सांगितलं होतं. तुला सांगू नको म्हणाली.” मग त्याने तिच्या पानात आणखी थोडा भात वाढला. ती रडली आणि तो सगळा भात तिने संपवला.

पायपुसणं गेलं, तिथे पांढरं, रबरी तळाचं आलं. नोंदवहीत सतरा वेळा ‘पडले’ लिहिलं गेलं आणि फळा आपोआप कोठीत गेला. मास्तर रोज टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन येत होते आणि सावकाश लांबून दिवस मोजत होती.

तेविसाव्या दिवशी सकाळी ती त्यांच्या खोलीत गेली तर मास्तर मशीनशेजारी जमिनीवर होते. तिने नोंदवही काढली, पण लिहायला हात होईना.

“लिही,” मास्तर म्हणाले. “बसलो.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा नाकावर होता. चपला शेजारी काढून ठेवलेल्या, दोन्ही एका रेषेत. पडणारा माणूस चपला लावून ठेवत नाही.

“खरंच बसलो,” ते म्हणाले. “सुई पडली.”

सावकाश त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. दोघांनी मिळून लादी चाचपली. सुई मशीनच्या पायाखाली सापडली. तिने मास्तरांना आधी गुडघ्यावर, मग खुर्चीवर आणि मग उभं केलं, सावकाश. मग नोंदवही उघडून तारीख टाकली आणि लिहिलं: पडली, सुई, एक. इजा नाही.