टूलरूमचा दोर

कुठलीही वस्तू मागा, तो आधी विचारायचा, “काम काय?” हे दोन शब्द ऐकले की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. एकदा डोंगराखाली जेवायला बसलो होतो आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण काही केल्या निघेना. मी त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. “काम काय, वहिनी?” म्हटलं, “झाकण उघडायचंय.” “मग चमचा घ्या. ह्याचं तोंड खराब होतं,” असं म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हर परत खिशात घातला! झाकण चमच्याने लगेच निघालं, त्यामुळे मला आणखीच राग आला.

माझा नवरा अजित चाकणच्या ज्या कंपनीत डिझाइनला आहे, तिथल्या टूलरूमच्या खिडकीत हा बसायचा. कामगाराने ड्रिल मागावं, ह्याने काम विचारावं, मग टोकन ठेवून घेऊन हत्यार द्यावं. लातूरकडचा, तिशी उलटलेला, चाकणला खोली घेऊन एकटाच राहायचा. आम्ही काही जण दर रविवारी मावळातले कडे चढायला जातो. अजितने एकदा त्याला सोबत आणलं आणि “हा आमचा टूलरूम” अशी ओळख करून दिली. तेच नाव पडलं ते पडलं.

स्पष्टच सांगते, मला त्याचा हेवा वाटायचा. हेवा कसला, जळफळाटच. लग्नाच्या आधीपासून नऊ वर्षं अजितचा दोर मी धरत होते. तो वर चढायचा, मी खाली उभी राहून दोर सोडायचे, आणि तो घसरला तर त्याला पकडणारी मीच. त्याचे क्विकड्रॉसुद्धा मीच निवडायचे. क्विकड्रॉ म्हणजे मध्ये एक पट्टा आणि दोन्ही टोकांना एकेक कडी. एक कडी कातळातल्या बोल्टमध्ये अडकवायची, दुसरीतून आपला दोर जातो. रविवारी पहाटे निगडीच्या घरी डायनिंग टेबलावर मी ते मांडायचे, पारखायचे, आणि अजित न बघता कमरेला लावायचा. त्याच्या त्या न बघण्याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

टूलरूमने पहिले तीन रविवार कशालाच हात लावला नाही. उकिडवा बसून नुसता बघत राहिला. चौथ्या रविवारी अजितच्या कमरेकडे बोट दाखवून म्हणाला, “दादा, आजचं काम काय?”

“काम काय म्हणजे? चढायचं!”

“ते झालं हो. वाट सरळ हाय का वाकडी?”

मग त्याने सगळे क्विकड्रॉ दगडावर ओतले आणि दोन ढीग केले. बोल्ट सरळ रेषेत असतील तर आखूड, जाड पट्ट्याचे. ते ताठ राहतात, घाईत हाताने धरता येतात. वाट इकडेतिकडे वळत असेल, खुंट्या स्वतःच ठोकत जायच्या असतील, तर लांब आणि मऊ पट्ट्याचे. तिथे आखूड लावले तर दोर प्रत्येक वळणावर घासतो आणि वर गेल्यावर ओढता ओढवत नाही. हे सगळं बरोबरच होतं. मी नऊ वर्षं हेच करत होते, फक्त भाषण न देता. परतीच्या वाटेवर अजित गाडीत म्हणाला, “काय डोकं आहे राव त्याचं!” मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

पुढे तर कहरच झाला. बोल्टमध्ये अडकून अडकून कडीला बारीक धार येते आणि तीच कडी चुकून दोराच्या बाजूला आली तर दोर सोलला जातो, म्हणून टूलरूमने बोल्टकडच्या कड्यांवर लाल ठिपके द्यायचं ठरवलं. रंग हवा होता. अजितने माझं नेलपॉलिश नेलं, न विचारता, भाचीच्या लग्नासाठी आणलेलं! त्याचे लाल ठिपके कौतुकाने सगळ्यांना दाखवत हिंडला तो. हळूहळू दोघं एकमेकांच्याच दोराला बांधून घ्यायला लागले आणि मी खाली डबा सांभाळत बसायला लागले. नवऱ्याला एखादी मैत्रीण असती तर चार भांडी तरी आपटता आली असती. इथे कोणावर आपटणार?

बरं, माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. प्रत्येक कडीचं दार तो कानाशी धरून उघडबंद करायचा. आवाज जरा जड वाटला की ती कडी बाजूला. “हिला सुट्टी,” म्हणायचा. कोणाची हसून थट्टा नाही, कोणावर आवाज चढवणं नाही. नवीन आलेल्या मुलीसुद्धा त्यालाच विचारून खरेदी करायला लागल्या. आधी त्या मला विचारायच्या.

मग तो सुळका आला. टूलरूम पहिला चढणार होता, अजित त्याचा दोर धरणार होता. ही वाट आमच्यापैकी फक्त मी पूर्वी, अजित भेटायच्या आधी, चढलेली. टूलरूम माझ्याकडे आला, नेहमीसारखा उकिडवा बसला.

“वहिनी, वाट कशी हाय?”

निम्म्यावर एक फुगवटा आहे. त्याच्याखालून वाट पार डावीकडे जाते आणि पुन्हा उजवीकडे येते. खालून यातलं काही दिसत नाही. मला सगळं माहीत होतं. आणि मी म्हणाले, “सरळ आहे.”

त्याने आखूड ढीग उचलला.

फुगवट्याच्या वर तो गेला आणि त्याचा वेग मंदावला. एका हाताने कातळ धरून दुसऱ्या हाताने तो दोर ओढत होता आणि दोर येत नव्हता. माथा तीन पुरुष उंचीवर राहिलेला. मी डबा खाली ठेवला. तो पडेल, मरेल असं नव्हतं, पण त्याने हात टेकावेत एवढंच मला हवं होतं ना? मग तसंच होताना बघवेना. शेवटी बोल्टात एक कडी तशीच सोडून तिच्यावरून तो खाली उतरला. टूलरूमची वस्तू डोंगरावर राहिली, हे कोणी ऐकूनही खरं मानलं नसतं.

“काय झालं रे?” अजितने विचारलं.

“माझंच चुकलं, दादा. नीट विचारलं न्हाई मी.” एवढंच बोलून तो पाणी प्यायला गेला.

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तोच सुळका ठरला. टूलरूमने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक घेऊन सरळ माझ्यासमोर उभा राहिला. “आज तुम्ही धरा.”

मी त्याला बाजूला घेतलं. “अरे, मी तुला खोटं सांगितलं होतं.”

“माहीत हाय की. वर गेल्यावर वाट दिसतीच, वहिनी.”

“आणि तरी माझ्या हातात देतोस?”

“सुरवातीचे तीन रविवार मी काय बघायलो होतो? दादा वर असले की तुमचा डोळा हलत न्हाई. तुम्ही वाट खोटी सांगाल, दोर खोटा धरणार न्हाई.”

मी सगळे क्विकड्रॉ मांडले. खालच्या सरळ भागाला आखूड, फुगवट्याखाली लांब, असे ओळीने लावून दिले. त्याने न बघता कमरेला अडकवले. तो माथ्यावर पोहोचेपर्यंत मी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. अजित शेजारी डबा घेऊन बसला होता. “दोर धरायला मला का नाही सांगितलं त्याने?” असं त्याने दोनदा विचारलं, आणि घरी येईपर्यंत त्याचं तोंड फुगलेलं होतं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर टूलरूमचा दोर मी धरला. मग कंपनीने त्याचं खातं दक्षिणेकडच्या नव्या प्लांटला हलवलं. निगडीच्या बसस्टँडवर आम्ही त्याला सोडायला गेलो. त्याने अजितशी हात मिळवला, माझ्या पायाशी वाकायला लागला, तेव्हा मी त्याला ओरडले. बस गेल्यावर मात्र मीच रडले, अजितच्या देखत.

परवा त्याचा फोटो आला. कुठल्यातरी लालसर कड्यावर तो अर्ध्या उंचीला आहे, चेहऱ्यावर ऊन आहे. खालच्या कोपऱ्यात कोणीतरी दोर धरलाय. त्या माणसाचा चेहरा फोटोत आलेला नाही. मी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला, तर फक्त दोन हात दिसले. अजित म्हणाला, “जेवायला चल, पानं वाढलीत.” मी बसूनच राहिले. इतका हेवा मला टूलरूमचासुद्धा कधी वाटला नव्हता.