उष्टं न झालेला बटाटा

लकव्यानंतर आईला गिळणं जमेनासं झालं, तेव्हा मी तिला विदर्भातून आमच्याकडे रायपूरला घेऊन आले. इथल्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, ती तिने उपटून काढली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. मग तोंडाने जाईल तितकंच द्या, असं डॉक्टर म्हणाले, आणि जायचं बंद झालं की काय होईल तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. नवऱ्याचं ऑफिस तोवर शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेलं होतं. सकाळी तो त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांकडे निघून जायचा आणि दिवसभर घरात मी, आई आणि बटाटा.

बटाटा उकडायचा, चाळणीतून घासायचा, दूध, तूप, मीठ घालून अगदी मऊ करायचा. एक गुठळी राहिली तरी ठसका. सुरुवातीला मी सगळा एकाच वाडग्यात घेऊन बसायचे. चार-दोन चमचे कसेबसे जायचे, बाकीचा टाकून द्यावा लागायचा. तोंडातला चमचा वाडग्यात गेला की सगळं उष्टं, आणि आईच्या राज्यात उष्टं कधी परत चुलीवर चढलं नाही. अर्धं अंग गेलं तरी शिस्त शाबूत होती. मी वाडगा मोरीकडे नेताना ती असे डोळे वटारायची की माझं डोकं फिरायचं. घास उतरत नाही आणि बाईला चिंता कसली, तर अन्न वाया गेल्याची.

"आधी काढून ठेवत जा," एकदा ती जड जिभेने म्हणाली. "मले थोडंच दे."

मग मी निम्मा बटाटा आधीच डब्यात काढू लागले. पण दुधाने तो इतका सैल झालेला असायचा की त्याचे वडे तेलात फुटायचे. शेवटी जाडे पोहे मिक्सरमधून काढून त्यात मिसळले, चीज किसून घातलं, मिरची-कोथिंबीर टाकली, आणि गोल बाजारातून आणलेल्या छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांत दाबून ते वडे ओव्हनमध्ये भाजायला ठेवले. वरून लालसर, खरपूस, आत चीजच्या तारा. आमची पोट्टी मराठी समजते, बोलते हिंदीत. शाळेतून आल्या आल्या तिने उभ्यानेच सगळे फस्त केले.

"मम्मी, कल भी बनाना."

दुसऱ्या दिवशीही झाले, मग रोजचेच झाले. आईला त्याचा वास आवडायचा. मी एक गरम वाटी तिच्या नाकापाशी धरायचे, ती डोळे मिटून वास घ्यायची. त्यातलं याहून जास्त काही तिला देता येत नव्हतं.

हळूहळू डबा भरत गेला आणि आईचा वाडगा लहान होत होत वाटीवर आला. आज नाही तर उद्या घेईल, असं मी स्वतःला सांगायचे, आणि ते खोटं आहे हे मला कळायचं. ओव्हनचा ट्रे गच्च भरलेला दिसला की मी दार पटकन लावून टाकायचे.

"आजीने आज भी कम खाया?" पोरीने एकदा विचारलं. "तो ज़्यादा बनेंगे ना?"

मी तिला रागावणार होते, पण ती चुकीचं काय बोलली होती?

मग एका दुपारी मी चमचा आईच्या ओठांपाशी नेला आणि तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मी पुन्हा नेला. तिने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि चमचा ओठांना टेकायच्या आत बाजूला सारला.

"काहून? एक घास तरी घे."

"नाही जात आता," ती म्हणाली. "उगाच उष्टं होईन. पोट्टीले कर त्याचं."

मी भांडले, दम दिला, शेवटी तिच्या खाटेवर डोकं ठेवून रडले. तिने तोंड उघडलं नाही. चमचासुद्धा उष्टा झाला नव्हता. वाटीतला बटाटा मी डब्यात ओतला आणि संध्याकाळी सगळा भाजला.

पोरगी ताटली घेऊन आजीच्या खाटेपाशी बसली. "आज तो कितने सारे हैं," ती म्हणाली. आई तिला खाताना बघत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता.

"झाले ना चांगले?" तिने विचारलं.

"हव, आजी," पोरगी तिच्याच बोलीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावताना मी सवयीने आईचे बटाटे धुतले, मग तिचं मिटलेलं तोंड आठवलं, आणि ते पुसून परत टोपलीत ठेवले.