भोंगा मॅडमची बैठक

पालिकेच्या शिक्षण विभागातल्या त्या बाईंना सगळे पाठीमागे भोंगा म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. वरच्या मजल्यावरून त्यांनी शिपायाला हाक मारली की खाली फाटकाशी उभा असलेला परका माणूसही "आलो!" म्हणायचा.

विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम त्यांच्याकडे होतं. कुणाला मदतनीस द्यायचा, कुणाला बोलायला शिकवणाऱ्या शिक्षिका, हे त्यांच्या ऑफिसात ठरे. तपासणीसाठी मुलांना तिथेच आणावं लागे, आणि बरीचशी मुलं रडून गोंधळ घालत. मुलंच ती, रडायचीच, असं बाईंना वाटे.

मग त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीची पाळी आली. सहा वर्षांची पोर, बोलणं मोजकंच, आणि जरा आवाज चढला की दोन्ही कान गच्च दाबायची. तिच्यासाठी मावशी हळू बोलायला शिकली होती. पहिल्यांदा घरच्यांना वाटलं, हिचा घसा बसला.

त्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि नुसती मावशी होऊन बहिणीशेजारी बाकावर बसल्या. वर पंखा खडखडत होता, शेजारी कुणी कपाटं सरकवत होतं, शिपाई नावं ओरडत होता. नंबर लागेपर्यंत पोर बाकाखाली शिरली. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठोकळे पुढे केले, तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"हिला रंग ओळखता येत नाहीत," त्या म्हणाल्या.

"ताई, घरी सगळे रंग सांगते गं ही," बहीण रडवेली झाली.

"ठाऊक आहे मला. इथे बसून मलाच माझं नाव आठवेना, तिला रंग काय आठवणार!"

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या. "साहेब, मुलांना इथे आणणं बंद करू. तपासायला आपली माणसं शाळेत जातील."

"तुम्ही एवढ्या हळू का बोलताय?" साहेब दचकले. "कुणी गेलं की काय?"

ते पालिकेच्या शिक्षण समितीने ठरवायचं, असं त्यांनी सांगितलं. तर बाईंनी समितीची बैठकच भाचीच्या वर्गात ठेवली. पोरांच्या इवल्याशा खुर्च्यांवर समिती बसली. गुडघे हनुवटीला टेकले. कोपऱ्यात डॉक्टरीणबाईंनी तेच ठोकळे काढले. आपल्या वर्गातल्या ओळखीच्या सतरंजीवर बसून पोरीने ते रंगांप्रमाणे लावून टाकले. मग उठली आणि एकेका सदस्यापुढे उभी राहून शर्टाचा रंग सांगत सुटली. "निळा. पांढरा. पिवळा." सर्वांत ज्येष्ठ नगरसेवकांपाशी थांबून तिने त्यांच्या मेंदी लावलेल्या डोक्याकडे बोट केलं. "लाल."

हशा पिकला. नगरसेवक तर सर्वांत मोठ्याने हसले. पोरीने कान झाकले, तशी अख्खी समिती क्षणात चिडीचूप झाली.

"मंजूर," साहेब कुजबुजले. त्यांना खुर्चीतून उठवायला दोघे लागले.

आता तपासणीला डॉक्टरीणबाई आणि तज्ज्ञ शिक्षिका शाळाशाळांत जातात. एका मुख्याध्यापकांनी जागा नाही म्हणून कुरकुर केली, तेव्हा बाईंनी स्वतः उभं राहून त्यांची अडगळीची खोली रिकामी करून घेतली. भाची दुसरीत गेली आणि बाकावरच्या मैत्रिणीशी भांडूही लागली; त्या भांडणाचं बहिणीला कोण कौतुक! मदतनीस अजून कमीच पडतात. सध्या एका शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणं चाललंय, आणि बाई रोज संध्याकाळी तिथे जाऊन गवंड्याचं डोकं खातात.