दोन नावांची एक बाई

आमच्या मुलीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा तिला भारताचा पासपोर्ट परत करावा लागला. एकाच माणसाने दोन देश ठेवणं आपल्या सरकारला चालत नाही. तिचा जन्म बहरीनचा, शाळाही इथलीच, पण बहरीनने तिला कधी आपलं म्हटलं नाही आणि आम्हीही तशी आशा धरली नव्हती. रद्दचा शिक्का बसलेला तिचा पासपोर्ट बघून माझ्या नवऱ्याचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, "अहो, बरोबरच आहे. माणसाने एकाच ठिकाणचं असावं. सरकारलाही हिशेब ठेवायला सोपं." सरकारची बाजू घेताना मला फार शहाणपण सुचतं.

पुढे तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण तिचे डॉक्टर तिकडे, विमा तिकडे. तेव्हा माहेरानेच उठून टोरंटोला जायचं ठरलं. बहरीनमधल्या हूरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आळीव, डिंक, बाळंतशोपा आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी यांनी बॅग भरायला घेतली. व्हिसा होता. फक्त माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. त्यात काय, दर वेळी होतो तसा नवा होईल, असं मी धरून चालले. या वेळी एकच बदल होता. पुण्यातला माझ्या माहेरचा फ्लॅट विकला गेला होता, म्हणून भारतातला पत्ता म्हणून मी सासरच्या गावाचा, सिंधुदुर्गातला, पत्ता लिहिला. तेवढं केलं आणि सरकार हात धुऊन माझ्या मागे लागलं.

बरेच दिवस काही कळेना म्हणून भारतीय दूतावासात चौकशीला गेले. खिडकीमागच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मॅडम, पुलिस रिपोर्ट ठीक नहीं आया. गाँव में आपको कोई नहीं जानता."

"ऐसा कैसे? मेरे ससुराल का घर है."

"घर है, आपके हस्बैंड को भी सब जानते हैं. लेकिन उनकी वाइफ कोई और है." मग आवाज हळू करून त्याने विचारलं, "मॅडम, उनकी दो शादियाँ हैं क्या?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. माझा नवरा इथल्याच अस्कर भागातल्या कारखान्यात शिफ्टवर होता. त्याला फोन केला तर तो इतका हसला की शेजारच्याने त्याला पाणी आणून दिलं म्हणे. मला त्या हसण्याचा भयंकर राग आला.

गावच्या घरात माझ्या चुलत सासूबाई राहतात. पोलीस त्यांच्याकडेच गेला असणार म्हणून लगेच त्यांना फोन लावला.

"इललो गो एक पोलीस," त्या म्हणाल्या. "कागद बघून खयच्या तरी बायलेचा नाव सांगी होतो. मी म्हटलंय, असल्या नावाची कोण हयसर रवत नाय. आमची सून येगळी, ती भायर असता. बरा सांगलंय मां?"

"काकी, ते माझंच नाव आहे."

त्या म्हणाल्या, "तुझा? आणि आमी हाक मारतव ता कोणाचा?"

आता हे खिडकीतल्या माणसाला हिंदीत कसं समजवायचं? लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं. सासूबाईंनी निवडलेलं, गोड, पेढे वाटून जाहीर केलेलं. मी मात्र डिग्री, बँक, पासपोर्ट सगळीकडे माहेरचंच नाव ठेवलं आणि सासरी नव्या नावाला ओ देत राहिले. सुट्टीपुरतं गावी जायचं, कशाला वाद, असा माझा विचार. माझी सोय होती ती. पण पहिलं नाव काय होतं, हे इतक्या वर्षांत त्या घरात एकालाही विचारावंसं वाटलं नाही. बहरीनच्या सरकारी संगणकात ते आहे, कॅनडाच्या व्हिसावर आहे, दिल्लीला ठाऊक आहे. ज्या घरात गौरी-गणपतीला उकडीचे मोदक वळून माझे हात भाजले, तिथे ते कुणाला माहीत नव्हतं. दुखलं मला ते. पोलिसाच्या रिपोर्टपेक्षा जास्त दुखलं.

मग मी ही मीच आहे, हे सिद्ध करायचं काम सुरू झालं. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र मी केलं. नवऱ्याने आपल्याला एकच बायको असल्याचं लिहून दिलं. सही करताना म्हणाला, "दुसरी असती तर आत्ता तिला पाठवून दिलं असतं टोरंटोला." मी त्याच्या हातातला कागद ओढून फाईलमध्ये घातला. काकी पोलीस पाटलाला घेऊन, आमच्या लग्नाचा फोटो पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेल्या. तिथे त्यांनी माझं नाव नीट सांगितलं. आदल्या दिवशी फोनवर माझ्याकडून त्यांनी ते दहादा म्हणवून घेतलं होतं. ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं त्यांनीच ते खरं असल्याची साक्ष दिली, आणि तेवढ्यावर सरकारचं समाधान झालं. नवा पासपोर्ट निघाल्याचा निरोप आला. पासपोर्टचं विचारून रोज इंशाल्ला म्हणणाऱ्या आमच्या वॉचमनलाही मी पेढा दिला.

पण पासपोर्ट हातात पडायच्या आधीच मुलगी बाळंत झाली. दिवस भरायला अवकाश होता, तरीही. जावयाने फोन धरला होता. पांढऱ्या चादरीवर तिचा सुजलेला चेहरा, कुशीत कापडात गुंडाळलेली नात. मी घाईघाईने सांगू लागले, पोलिसांचं असं झालं, मग प्रतिज्ञापत्र, मग फोटो, आता आलाच आहे पासपोर्ट. आमची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. शाळेत जायला लागल्यापासून तसंच. ती माझं बोलणं संपायची वाट न बघता मराठीत म्हणाली,

"आई, मी सारखी दाराकडे बघत होते."

यात माझी काही चूक नाही, हे सिद्ध करायला माझ्याजवळ फाईलभर कागद होते. त्यातला एकही तिला दाखवावासा वाटेना.